खुर्ची गुरुजींची



उन्हाळ्याच्या संध्याकाळी, दिवसभराची कामे आटोपून, आपण इतक्या अगत्याने व्याख्यान ऐकावयास येता, ही आपल्या गावाची जुनी चाल आहे. लहानपणी वडिलांचे बोट धरून मीही इथे येत असे आणि सतरंजीवर पुढची जागा पकडून बसत असे. त्या सतरंजीवरून उठून आज व्यासपीठावर येताना थोडा संकोच वाटतो. मी पंडित नाही, शिक्षणशास्त्राचा अभ्यासकही नाही. आयुष्यभर बँकेच्या खिडकीमागे बसून लोकांचे पैसे मोजले आणि निवृत्त झाल्यावर नेपाळातील एका डोंगरी शाळेत शिक्षकांना संगणक शिकविण्यासाठी गेलो, एवढेच माझे भांडवल. आज जे सांगणार आहे त्यात माझ्या यशापेक्षा माझ्या चुकीचा भाग अधिक आहे. चालकांना हे मी आधीच सांगितले होते. ते म्हणाले, “तीच सांगा.” तेव्हा दोष असलाच तर तो अर्धा त्यांचाही आहे.

परदेशी जाऊन विनावेतन सेवा करावी ही कल्पना काही आजची नाही. १९५८ साली इंग्लंडात अ‍ॅलेक डिक्सन यांनी शाळा संपवून निघालेल्या तरुणांना वर्षभर दूरदेशी पाठविण्याचा उपक्रम सुरू केला. १९६१ साली अमेरिकेत केनेडींनी शांतिसेना उभी केली आणि पुढच्याच वर्षी तिचे स्वयंसेवक नेपाळात दाखल झाले. त्या वेळी स्वयंसेवकाच्या हाती खडू असे. आता त्याच्या खांद्याला संगणकाची पिशवी असते. सामान बदलले आहे. पण पाहुण्याने यजमानाच्या घरात कसे वागावे, हा प्रश्न तेव्हा होता तसाच आज आहे. माझे आजचे सगळे बोलणे त्या एका प्रश्नाभोवती आहे.

थोडे माझ्याविषयी सांगणे भाग आहे. नव्वदीच्या दशकात आमच्या शाखेत संगणक आले. तेव्हा मी चाळिशीच्या उंबरठ्यावर होतो. खतावणीची बेरीज डोळे मिटून करणारा मी, त्या पडद्यासमोर बसलो की माझा हात कापत असे. शेजारी नुकताच लागलेला एक मुलगा बसविला होता. तो मोठा भला. पण माझे अडले की “थांबा साहेब, मी करतो” म्हणून चटकन माझ्या हातून माऊस काढून घेई. काम होई, मी मात्र होतो तिथेच राही. सहा महिन्यांनी त्याची बदली झाली, आणि मग दुसरे कोणी नाही म्हणून मी शिकलो! ही आठवण मी विसरलो नव्हतो. पण आठवण असणे निराळे आणि वेळेवर आठवणे निराळे, हे मला नेपाळात कळले.

२०१८ सालच्या आषाढात मी गेलो. आपल्याला नेपाळात जावयास व्हिसा लागत नाही, हे आपणांस ठाऊक असेलच. गंडकी प्रदेशात, मोटार थांबते तिथून दीड तासाच्या चढणीवर ती शाळा. दुरून डोंगर साजरे ही म्हण मराठी माणसाने कुठल्या डोंगराकडे पाहून केली असेल ती असो. ती चढण चढताना माझ्या गुडघ्यांनी तिचा अर्थ मला नीट समजावून दिला. शाळा दहावीपर्यंतची. ऑफिसाच्या खोलीत दात्यांनी दिलेले पाच संगणक, त्यांवर धूळ बसू नये म्हणून पांघरलेले फुलाफुलांचे कापड. हेडसर मोठ्या अभिमानाने मला ते दाखवावयास घेऊन गेले आणि त्यांनी कापड अशा अलगद हाताने उचलले की देव्हाऱ्याचा पडदाच बाजूला करीत आहेत असे वाटावे.

शाळेची गरज मात्र अगदी प्रापंचिक होती. २०१५ च्या संविधानाने नेपाळात शालेय शिक्षण स्थानिक पालिकांच्या हाती दिले. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती सरकारच्या संगणकीय नोंदवहीत शाळेने भरावयाची असते. निकालपत्रके हवीत, प्रश्नपत्रिका हव्यात. ही सगळी कामे घेऊन एक शिक्षक डोंगर उतरून बाजारातील दुकानात जाई, पैसे मोजी आणि संध्याकाळी परत येई. तो दिवस वर्गाचा बुडाला. घरात पाच संगणक कापडाखाली निजलेले, आणि गुरुजी दुकानाच्या बाकड्यावर ताटकळत बसलेले!

मला वाटले, हे तर आपल्या हातचे काम. मी खुर्चीत बसलो. शिक्षक माझ्या मागे अर्धवर्तुळ करून उभे राहात, चहा येई, मी भराभर तक्ते करी. “सर, तुम्ही आलात म्हणून बरे झाले,” असे हेडसर रोज म्हणत, आणि मला ते रोज गोड वाटे. दशैं म्हणजे तिकडचा दसरा. तोपर्यंतच्या तीन महिन्यांत मी पहिल्या परीक्षेचे सारे निकाल लावून दिले. मग सणाला घरी आलो, दिवाळी केली, बहिणीकडे भाऊबीज करून परत गेलो.

पाहतो तो संगणकांवर फुलाफुलांचे कापड जसेच्या तसे. एक शिक्षक त्याच दिवशी बाजारातून प्रश्नपत्रिका छापून घेऊन येत होते. चढण चढताना आमची गाठ पडली. त्यांनी ते भेंडोळे पाठीमागे लपविले. श्रोतेहो, त्यांनी ते माझ्यापासून लपविले याची लाज त्यांच्यापेक्षा मला अधिक वाटावयास हवी होती. आधी मला रागच आला. तीन महिने शिकविले, यांना काहीच कसे येत नाही? रात्री अंथरुणावर पडल्यावर तो बँकेतला मुलगा आठवला. मी कोणालाही काहीच शिकविले नव्हते. मी फक्त काम केले होते, आणि तेही त्यांच्या खुर्चीत बसून.

त्याच सुमारास मला आणखी एक शोध लागला. माझे ते झटपट केलेले कामही मोठेसे बरोबर नव्हते. दोन उदाहरणे सांगतो.

पहिले पंचांगाचे. नेपाळात व्यवहारात विक्रम संवत चालतो. माझ्या लेखी साल २०१८, आपल्या पंचांगात शके १९४०, आणि गुरुजींच्या हजेरीपटात २०७५! शाळेचे वर्ष वैशाखात सुरू होते. ज्येष्ठ-आषाढाला कधी ३१ तर कधी ३२ दिवस येतात. मी विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा रजिस्टरातून जशाच्या तशा उतरविल्या आणि वय काढण्याचे सूत्र घातले. संवत २०६२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे वय उणे चव्वेचाळीस वर्षे आले! संगणकाची काही चूक नव्हती. ते पोर आणखी चव्वेचाळीस वर्षांनी जन्मावयाचे आहे, असे त्याचे प्रामाणिक मत. मग मी एकेक तारीख इंग्रजीत फिरवून घेऊ लागलो. तीनशे मुले. ते काम मी गेलो तेव्हा अर्धेच झाले होते, आणि माझ्यामागे ते कोणाला समजणे शक्य नव्हते.

दुसरे लिपीचे. नेपाळी देवनागरीत लिहितात. ‘दुसऱ्या’ लिहिताना आपण जो आडवा र काढतो तो त्यांच्याकडेही आहे. मला वाटले, इथे तर मी घरचाच. पण तिथल्या कचेऱ्यांत आणि दुकानांत ‘प्रीती’ नावाचा फॉन्ट फार चालतो. त्यात अक्षर दिसते देवनागरी, पण यंत्राच्या पोटात असते इंग्रजी. ‘नेपाळ’ हा शब्द म्हणजे आत जी, मग चौकोनी कंस, मग के, एफ, एन. ज्या संगणकात हा फॉन्ट नाही तिथे सगळा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. आपल्याकडील कचेऱ्यांनी आणि छापखान्यांनीही असले दुखणे वर्षानुवर्षे काढले आहे. उपाय म्हणजे युनिकोड. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, म्हणून मजकूर कुठेही उघडा, तसाच राहतो. मी सगळ्यांना एकदम युनिकोड शिकवावयास निघालो. मात्र शिक्षकांजवळच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका प्रीतीत होत्या, हे मी विचारलेच नव्हते. त्यांच्या संचिताचा चिवडा करून मी त्यांना सुधारणा देत होतो.

आता ज्या बाईंनी मला मार्गावर आणले त्यांच्याविषयी सांगतो. तिकडे शिक्षिकेला आदराने ‘गुरुआमा’ म्हणतात. ह्या गुरुआमा पाचवी-सहावीला गणित शिकवीत. वय पन्नाशीच्या आसपास. तीन महिन्यांत त्या एकदाही संगणकाजवळ आल्या नव्हत्या. अर्धवर्तुळात सर्वांत मागे, दाराशी उभ्या राहात. एकदा खोलीत कोणी नसताना त्यांना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, “मेरो हात काँप्छ, सर.” माझा हात कापतो. मग थोड्या वेळाने म्हणाल्या की खिडकीतून मुले पाहतात. माझ्या वर्गातल्या पोरांना मोबाईल माझ्याहून चांगला येतो. त्यांच्यासमोर माझे बोट चुकले, तर उद्या त्यांना मी गणित कोणत्या तोंडाने शिकवू?

श्रोतेहो, गावच्या शिक्षकाचे संगणकावाचून अडते, पण इभ्रतीवाचून त्याहून अधिक अडते. खेड्यात गुरुजी म्हणजे ज्यांना येते ते. परगावचा कोणी येऊन चार लोकांत त्यांना ‘न येणारे’ ठरवून जातो, आणि मग म्हणतो की ह्यांना शिकण्याची हौस नाही. हौस असते. पण हौसेपुढे शरम उभी असते, आणि ती शरम पुष्कळदा आपणच आणून उभी केलेली असते.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला, की काहीही होवो, मी खुर्चीत बसावयाचे नाही आणि माऊसला हात लावावयाचा नाही. हात पाठीशी बांधून उभे राहावयाचे. शाळा सुटल्यावर, मुले घरी गेल्यावर, खिडकी लावून काम सुरू. दोघादोघांची जोडी, एकाने करावयाचे, दुसऱ्याने वाचून सांगावयाचे. अभ्यासाला माझा धडा नाही. ज्याला जे काम उद्या लागणार तेच. ज्याला प्रश्नपत्रिका हवी त्याने प्रश्नपत्रिका, ज्याला हजेरी त्याने हजेरी. जुने प्रीतीतले राहू द्यावे, नवे तेवढे युनिकोडमध्ये लिहावे. हात पाठीशी बांधणे किती कठीण असते हे मी आपणांस काय सांगू! समोर माणूस एका अक्षरासाठी दोन मिनिटे कळफलक धुंडाळतो आहे आणि आपल्याला ती कळ दिसते आहे. पण त्या दोन मिनिटांतच शिकणे घडत असते. ती आपण वाचविली की त्याचे शिकणेच बुडाले.

आणि पंचांगाचा प्रश्न कोणी सोडविला? गुरुआमांनी. पंधराव्या-सोळाव्या दिवशी त्यांनी वर्ष, महिना, दिवस असे तीन निराळे रकाने केले आणि २०७५ मधून जन्मवर्ष वजा केले. वयाचा हिशेब वैशाखापासूनचा. २०७५ उणे २०६२, तेरा. झाले! तारीख इंग्रजीत फिरविण्याची गरजच नव्हती, कारण शाळेला वय हवे होते, तारखेचे भाषांतर नको होते. जे मला बँकेचा सारा अनुभव पाठीशी असून सुचले नाही ते त्यांना सुचले. कारण ते रजिस्टर त्यांचे होते, मुले त्यांची होती आणि गणितही त्यांचेच होते. त्या दिवशी त्यांनी स्वतः उठून खिडकी उघडली.

ही एका शाळेची गोष्ट झाली. पण मोठ्या प्रमाणावरही हेच दिसते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप शाळांतील मुलांना वाटले. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची शास्त्रशुद्ध पाहणी झाली, तिचा अहवाल २०१२ साली आला. यंत्रे पोहोचली होती, मुले ती वापरीतही होती, विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी प्रगतीही दिसली. पण गणित आणि भाषा या विषयांत फरक पडला नव्हता. यंत्र वाटणे म्हणजे शिकविणे नव्हे, हा धडा एका अख्ख्या देशाने पैसे मोजून घेतला.

उलट बाजू पाहा. नेपाळातच म्याग्दी जिल्ह्यात नांगी नावाचे गाव आहे. तेथील महाबीर पुन अमेरिकेत शिकून १९९२ साली गावी परतले आणि गावच्या शाळेच्या कामाला लागले. ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्यांनी चार जुने संगणक भेट दिले. वीज नव्हती, तेव्हा ओढ्यावर लहानसे जनित्र बसविले. जुने सुटे भाग जमवून लाकडी खोक्यांत संगणक जोडले. दूरध्वनीची तार नव्हती. बिनतारी जोडणीसाठी त्यांनी मदतीची हाक दिली तेव्हा युरोप-अमेरिकेतून स्वयंसेवक आले, झाडांवर दूरदर्शनच्या तबकड्या बांधून नांगी आणि रामचे ही गावे २००२ साली जोडली गेली, आणि पुढे पोखऱ्याशी धागा जुळला. २००७ साली पुन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ह्या कथेत परदेशी स्वयंसेवक आहेत आणि त्यांचे काम मोलाचे आहे. पण ते मदतनीस आहेत. प्रश्न गावाचा, योजना गावाची, आणि ते गेल्यावर तबकडी वाऱ्याने वाकली तर झाडावर चढणारा माणूसही गावचाच.

त्याच देशात २००७ पासून ‘ओले नेपाळ’ ही संस्था काम करते. तिने नेपाळच्याच पाठ्यक्रमानुसार, नेपाळी भाषेत धडे केले, आणि ते इंटरनेट नसले तरी शाळेतल्या संगणकावर चालावेत अशी सोय केली. आणि आपल्या घरचे उदाहरण हवे असेल तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी घ्या. पुस्तकातील धड्याला सांकेतिक चौकोन जोडून, मोबाईलने तो टिपताच कविता वा चलच्चित्र समोर यावे, ही युक्ती एका खेड्यातील शिक्षकाने केली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. शिक्षकाच्या हाती साधन आणि मनात निर्भयता असली म्हणजे काय होते ते दाखविण्यास एवढे पुरे आहे.

आता आपल्यापैकी काहींच्या मनात जो प्रश्न घोळत असेल तो मीच विचारतो. घरच्या शाळा सोडून नेपाळात कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर मजजवळ नाही. पहिल्या वेळी मी गेलो त्यात सेवा किती आणि हिमालय पाहण्याची हौस किती, याचा ताळेबंद मी कधी मांडला नाही. मांडला तर सेवेच्या बाजूला शिल्लक थोडीच निघेल. पण एवढे खरे, की परक्या मुलुखात मी अडाणी ठरलो म्हणूनच मला ऐकावयाची सवय लागली. आपल्या तालुक्यातील शाळेत मी निवृत्त बँक अधिकारी म्हणून गेलो असतो, भाषण केले असते, हार घालून घेतला असता. नेपाळने मला उभे राहावयास शिकविले. परत आल्यावर आता आठवड्यातून दोन दिवस मी इथल्या वाडीवस्तीवरच्या शाळांत जातो. तिथेही उभाच असतो.

आपल्या मुलांना, नातवंडांना अशा सेवेची इच्छा असेल तर त्यांना अडवू नका. इतकेच सांगा, की पंधरा दिवसांसाठी जाऊ नका. नव्याचे नऊ दिवस संपल्यावरच खरे काम सुरू होते. पहिला महिना विचारण्यात घालवा. छायाचित्रे कमी काढा. आणि इथे सभेत पेन्शनीत निघालेली मंडळी पुष्कळ दिसतात. महर्षी कर्व्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले ते १९३६ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत. तेव्हा वयाची सबब आपल्यापैकी फार थोड्यांना चालण्यासारखी आहे.

शेवटी एकच गोष्ट सांगून आपली रजा घेतो. २०२० च्या मार्चमध्ये साथ आली, नेपाळची सीमा बंद झाली, शाळा बंद झाल्या. मी वैशाखात जावयाचा होतो तो राहिलो. इथे बसून मी काळजी करीत होतो, की आता त्या शाळेचे कसे होणार. तीन-चार महिन्यांनी सहज निरोपानिरोपी झाली तेव्हा कळले. बहुतेक घरांत इंटरनेट नव्हते. म्हणून गुरुआमांनी आणि दोन शिक्षकांनी आळीपाळीने शाळेत जाऊन स्वाध्यायाची पत्रके संगणकावर तयार केली, छापली, आणि वाडीवाडीवर पोहोचविली. पलीकडच्या डोंगरावरील दोन शाळांनी ती मागितली, त्यांनाही पाठविली. मजकूर युनिकोडमध्ये होता, तो तिकडे नीट उघडला. मी विचारले, “मला कळविले का नाही?” त्यांनी लिहिले, “कामच पडले नाही, सर.”

बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केली, निरोपसमारंभात पुष्कळ स्तुती ऐकली. पण मला मिळालेले सर्वांत चांगले प्रशस्तिपत्र म्हणजे ते एक वाक्य. आपल्यावाचून काम अडले नाही याचा आनंद व्हावा, एवढे मन ज्याचे तयार झाले असेल त्याने खुशाल जावे. जवळ जावे, दूर जावे. बाकीच्यांनी आधी हात पाठीशी बांधून उभे राहण्याचा सराव करावा. मी अजून करतोच आहे.